शूळ एक, कारणे अनेक

सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजघराण्यात एक मृत्यू असा घडला की त्याची चर्चा पुढे दोनशे वर्षे थांबली नाही. २९ जून १६७० रोजी सायंकाळी, पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथील प्रासादात हेन्रिएटा या राजस्त्रीने चिकोरीचे थंड पाणी मागवले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची ती बहीण, आणि फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची भावजय. वय अवघे सव्वीस वर्षांचे. पेला खाली ठेवला न ठेवला तोच तिच्या पोटात असह्य कळ उठली. आपल्यावर विषप्रयोग झाला, असे ती आक्रोशून म्हणू लागली. जवळच्या वैद्यांनी हा साधा पोटशूळ आहे, भिण्याचे कारण नाही, असा निर्वाळा दिला. दुसऱ्या दिवसाचा सूर्य उगवण्यापूर्वीच तिचा अंत झाला.

थोड्याच दिवसांपूर्वी तिने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये डोव्हरचा गुप्त तह घडवून आणला होता. साहजिकच विषाची वार्ता दोन्ही देशांत वाऱ्यासारखी पसरली. इंग्लंडच्या प्रतिनिधींच्या देखत शवविच्छेदन करण्यात आले. उदरपोकळी दूषित द्रवाने भरलेली आढळली, आणि जठराच्या भिंतीत एक लहानसे छिद्रही दिसले. परंतु हे छिद्र शवविच्छेदन करताना हत्यार चुकून लागल्याने पडले, असा खुलासा करून ते बाजूस सारण्यात आले. पित्त प्रक्षुब्ध झाल्याने मृत्यू आला, असा निष्कर्ष लिहिला गेला. पुढे १८७२ साली एमिल लित्रे या फ्रेंच पंडिताने ते जुने कागद पुन्हा वाचले आणि असे प्रतिपादन केले की, ते छिद्रच मृत्यूचे कारण होते. जठरातील जुन्या व्रणाने भिंत पोखरली, ती अकस्मात फुटली आणि आतला आम्लयुक्त रस उदरपोकळीत सांडला. शोधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारण उघडे पडले होते. पण ते पाहण्याची दृष्टी त्या काळापाशी नव्हती.

वरच्या पोटातील आकस्मिक वेदनेचे निदान हा विषय वैद्यकाच्या इतिहासात किती बिकट ठरला आहे, याची कल्पना या एका घटनेवरून येईल. बरगड्यांच्या कमानीखाली आणि बेंबीच्या वर जो हातभर रुंदीचाही नाही असा प्रदेश आहे, त्यात जठर, ग्रहणी, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड ही इंद्रिये दाटीवाटीने नांदतात. त्यांच्या मागून महारोहिणी वाहते, आणि वर मध्यपटलाचा एक पातळ पडदा ओलांडला की हृदय. या सर्वांच्या तक्रारी एकाच जागी उमटतात. मग तक्रार कोणाची, हे ठरवावयाचे कसे?

प्राचीनांनी हा प्रश्न ओळखला नव्हता असे नाही. शूल म्हणजे भाल्यासारखे अणकुचीदार शस्त्र. पोटातल्या तीव्र वेदनेला आपल्याकडे नाव मिळाले ते या शस्त्रावरून. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात शूलाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वेदना कोठे आहे एवढ्यावरच तो ग्रंथकार थांबत नाही. ती केव्हा उठते आणि कशाने शमते याचाही तो विचार करतो. अन्न पचत असताना जो उठतो तो परिणामशूल, असा भेद त्याने केला आहे. आजचा डॉक्टर रुग्णाला ‘दुखणे जेवणापूर्वी की जेवणानंतर?’ असे विचारतो, तेव्हा तो या जुन्या मार्गानेच चालत असतो. मात्र प्राचीनांचे वर्गीकरण दोषांच्या आधारावर उभे होते. वेदनेमागे कोणते इंद्रिय आहे, हे जिवंत शरीर न उघडता जाणण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध नव्हता.

तो मार्ग युरोपात शवविच्छेदनाने खुला केला. इटलीतील पादुआ येथील प्राध्यापक मोर्गान्यी याने १७६१ साली आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाची जिवंतपणीची लक्षणे आणि मृत्यूनंतर इंद्रियांत आढळलेले बदल यांची सांगड त्यात शेकडो उदाहरणांनी घातली होती. रोगाला शरीरात निश्चित ठिकाण असते, हा विचार तेव्हापासून रुजला. परंतु या विद्येत एक क्रूर विसंगती होती. निदान अचूक होई, पण रुग्णाच्या मृत्यूनंतर. आकस्मिक पोटशूळाच्या बाबतीत पुढची सव्वाशे वर्षे जवळजवळ अशीच गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. भूल आणि जंतुनाशन यांमुळे पोट उघडणे शक्य झाले, आणि निदानाला प्रथमच निकडीचा अर्थ आला. बॉस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली दाखवून दिले की, ज्या दाहाला वैद्य आतड्याच्या आरंभाचा दाह म्हणत, त्याचे मूळ बहुधा आंत्रपुच्छात असते आणि ते वेळीच कापून काढले पाहिजे. याच फिट्झ यांनी १८८९ साली स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे वर्णन केले. वरच्या पोटात अकस्मात उठून पाठीपर्यंत भिडणारी वेदना, वांत्या आणि झपाट्याने खालावणारी प्रकृती, असे त्याचे स्वरूप त्यांनी मांडले. १८९२ मध्ये जर्मनीतील लुडविग हॉयस्नर यांनी जठराचे फुटलेले छिद्र शिवून रुग्ण वाचवला. हेन्रिएटेला ज्या आजाराने नेले, त्याच्यावर उपाय सापडण्यास दोनशे बावीस वर्षे लागली. पण या उपायाला एक अट होती. तो काही तासांच्या आतच करावा लागे.

याच काळात वेदनेच्या प्रवासाचे गूढही हळूहळू उकलत गेले. गर्भावस्थेत जठर, ग्रहणीचा आरंभ, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड ही इंद्रिये पचननलिकेच्या एकाच आद्य भागापासून आकारास येतात. त्यामुळे त्यांच्या वेदना वाहून नेणारे मज्जातंतू पृष्ठरज्जूत जवळजवळ एकाच पातळीवर पोचतात, आणि मेंदूला त्यांतील एकाची हाक दुसऱ्याहून निराळी ओळखता येत नाही. वेदना पोटाच्या मध्यावर, अंधुकपणे जाणवते. रोग पुढे सरकून पोटाच्या आतील अस्तराला, म्हणजे पर्युदराला भिडला, की वेदनेला नेमकी जागा मिळते. आंत्रपुच्छाचे दुखणे पुष्कळदा वरच्या पोटात किंवा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजव्या कुशीत खाली उतरते, ते याच कारणाने. म्हणून रुग्ण पहिल्या तासाला जे बोट ठेवून दाखवतो, ते रोगाचे स्थान असेलच असे नाही.

हे सारे ज्ञान विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील शल्यवैद्य झकरी कोप यांनी एका लहानशा पुस्तकात सुसूत्रपणे मांडले. तीव्र पोटशूळाच्या आरंभीच्या निदानावरील हे पुस्तक १९२१ साली निघाले आणि त्याच्या आवृत्त्या कित्येक दशके निघत राहिल्या. त्यातील शिकवण थोडक्यात अशी : रुग्णाला घाई न करता विचारा, वेदना किती वाजता, काय करीत असताना सुरू झाली ते नोंदवा, पोटावर हात ठेवण्यापूर्वी ते श्वासाबरोबर हलते की नाही हे पाहा, दुखऱ्या भागाला सर्वांत शेवटी स्पर्श करा. एरवी धडधाकट असलेल्या माणसाचे पोट सहा तासांहून अधिक काळ तीव्रतेने दुखत राहिले, तर बहुधा ते दुखणे शल्यवैद्याच्या कक्षेतले असते, हा त्यांचा इशारा विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी पाठ केला.

त्याच पुस्तकातील दुसऱ्या एका नियमाचा इतिहास मात्र वेगळा आहे. निदान ठरण्यापूर्वी वेदनाशामक अफूसत्त्व देऊ नये, त्याने लक्षणे झाकली जातात, असे कोप यांचे सांगणे होते. ज्या काळी डॉक्टरपाशी हात आणि कान यांखेरीज फारसे साधन नव्हते, त्या काळी या नियमाला अर्थ होता. परंतु साधने बदलली तरी नियम तसाच राहिला, आणि असंख्य रुग्ण केवळ रूढीपोटी तासन्‌तास तळमळत पडले. १९९० नंतरच्या दशकात काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांतून असे दिसले की, वेदना मोजक्या औषधाने शमवल्याने निदान बिघडत नाही. उलट पोट सैल पडून तपासणी सुकर होते. आज वेदना शमवणे आणि निदान करणे ही कामे जोडीने चालतात.

पोटाचे कोडे असे सुटत असतानाच एक नवे कोडे वरून येऊन दाखल झाले. ते होते हृदयाचे. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही कित्येक मृत्यूंची नोंद ‘तीव्र अपचन’ अशी होत असे. भरल्या पोटी माणसाला कळ यावी, त्याने ओकावे, घामाघूम व्हावे आणि प्राण सोडावा. मग दोष जेवणाकडे जाई. शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१२ साली या समजुतीला धक्का दिला. त्यांनी वर्णिलेल्या रुग्णांत पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ होते. जेवणानंतर सुमारे तासाभराने त्यांना छातीच्या खालच्या भागात तीव्र वेदना सुरू झाली. काही तरी बाधले असे समजून त्यांनी घशात बोट घालून ओकारी काढली. तिसऱ्या दिवशी ते वारले, आणि शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने बंद झालेली आढळली. हृदयाचा खालचा पृष्ठभाग मध्यपटलावर टेकलेला असतो. त्याला इजा झाली की वेदना जठराच्या दारी बोलते.

हेरिक यांचे म्हणणे वैद्यकाने मान्य करण्यास कित्येक वर्षे घेतली. १९२३ च्या जुलैअखेर अमेरिकेचे अध्यक्ष वॉरन हार्डिंग अलास्काच्या दौऱ्यावरून परतत असताना त्यांच्या वरच्या पोटात दुखू लागले, मळमळ सुरू झाली. त्यांच्या खाजगी डॉक्टरांनी बाधक अन्नाकडे बोट दाखवले. बरोबरच्या दुसऱ्या डॉक्टरांना मात्र हृदयाची शंका आली. २ ऑगस्ट रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अध्यक्षांचा अंत झाला. पत्नीने शवविच्छेदनास संमती दिली नाही, आणि लोकप्रवाद असा उठला की तिनेच विष दिले. हेन्रिएटेनंतर अडीचशे वर्षांनीही अनाकलनीय पोटशूळाचा शेवट विषाच्या अफवेत झाला. हार्डिंग हृदयविकाराने गेले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

१९५५ हे वर्ष तर या विषयाच्या दृष्टीने विलक्षणच म्हटले पाहिजे. एप्रिल महिन्यात प्रिन्स्टन येथे आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे निधन झाले. वरच्या पोटातील वेदनेने ते अनेक वर्षे त्रस्त होते. १९४८ साली रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडले, तेव्हा महारोहिणीला मोठा फुगा आलेला दिसला. तो तोडून काढण्याचे तंत्र तेव्हा नव्हते, म्हणून निसेन यांनी त्याभोवती सेलोफेनचे वेष्टन घातले. त्याच्या जोरावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ मध्ये तो फुगा फुटला. शस्त्रक्रियेचा सल्ला त्यांनी शांतपणे नाकारला आणि १८ एप्रिल रोजी देह ठेवला. महारोहिणीचा फुगा फुटूनही वेदना पित्ताशयाच्या दाहासारखी भासते, तेव्हा डॉक्टर आजही आइन्स्टाइन यांच्या नावाने त्या लक्षणाचा उल्लेख करतात.

त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर डेन्व्हरजवळ गोल्फ खेळत होते. दुपारी कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर खाण्यात आला. पोटात अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा त्यांनी दोष कांद्याला दिला. मध्यरात्रीनंतर वेदनेने ते जागे झाले. सकाळी वार्ताहरांना सांगण्यात आले की, अध्यक्षांना अपचन झाले आहे. दुपारी हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्यात आला, आणि तो हृदयविकाराचा तीव्र झटका असल्याचे निश्चित झाले. त्यांच्या डॉक्टरांनी आपल्याला आरंभीच शंका आली होती असे पुढे सांगितले. इतिहासकारांत त्याविषयी मतभेद आहेत. याहून बोधप्रद गोष्ट पुढे घडली. १९५६ च्या जूनमध्ये त्यांचे पोट पुन्हा दुखू लागले. हृदय एकदा दुखावलेले असल्याने साऱ्यांची नजर तिकडे जाणे स्वाभाविक होते. पण या खेपेस दोष खरोखर पोटातच होता. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला जुनाट दाहाने अडथळा आला होता, आणि ९ जूनच्या पहाटे शस्त्रक्रिया करावी लागली. एकाच माणसाच्या दोन दुखण्यांनी निदानाचे दोन्ही धडे दिले. पोट म्हणताच हृदय विसरू नये. आणि हृदय एकदा सापडले म्हणून पोटही विसरू नये.

मग यंत्रे आली. क्ष-किरणांच्या चित्रात मध्यपटलाखाली हवेची कोर दिसली की पचननलिकेला छिद्र पडल्याची खूण मिळू लागली. रक्तातील स्वादुपिंडाचे पाचकद्रव्य मोजता येऊ लागले. सोनोग्राफीने पित्ताशयातील खडे दाखवले, सीटी स्कॅनने उदरपोकळीचा छेदच डोळ्यांपुढे ठेवला, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे रक्तातील ट्रोपोनिन सांगू लागले. या साधनांचे मोल मोठे आहे. तथापि, त्यांच्या बरोबरीने झालेला एक साधा प्रयोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे डी डोम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०४ रुग्णांची लक्षणे संगणकाला पुरवली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगणकाचे निदान शंभरात ९१.८ वेळा बरोबर आले; अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ वेळा. पुढे आठ रुग्णालयांत सोळा हजारांहून अधिक रुग्णांवर ही पद्धत आजमावण्यात आली. १९८६ च्या त्या वृत्तांतात प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरांच्या अचूकतेचे प्रमाण ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. या सुधारणेचे श्रेय एकट्या यंत्राचे नव्हते. ठरलेला तक्ता भरावयाचा असल्याने प्रत्येक रुग्णाला प्रत्येक प्रश्न विचारला गेला, आणि आपल्या निदानाचे पुढे काय झाले ते डॉक्टरांना कळत गेले. नियमाने विचारणे आणि नीट नोंदवणे, एवढ्यानेच निदान सुधारले.

भारतात या प्रश्नांच्या यादीत आणखी भर पडते. अमीबामुळे यकृतात होणारे गळू उजव्या बरगडीखाली दुखते आणि वेदना खांद्यापर्यंत जाते. या विकारावर लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ साली कलकत्त्यात एमेटिनच्या टोचणीचा उपचार रूढ केला. श्रीनगरचे डॉक्टर खुरू आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये ५०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखवले की, आतड्यातील जंत पित्तनलिकेत शिरून पित्ताशयाच्या आणि स्वादुपिंडाच्या दाहाची लक्षणे निर्माण करतात. म्हणजे रुग्ण कोणत्या प्रदेशातून आला, कोणते पाणी पितो, हा प्रश्नही निदानाचाच भाग ठरतो.

आजच्या आपत्कालीन विभागातील क्रम या साऱ्या अनुभवातून घडला आहे. नाडी, रक्तदाब आणि श्वास प्रथम पाहतात; मग हृदयाचा आलेख, आणि हृदयाची शंका असेल तर तो रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांच्या आत. स्त्री अपत्यवयाची असेल तर गर्भ आहे की नाही हे पाहिले जाते, कारण गर्भाशयाबाहेर वाढणारा गर्भ फुटला तर जीव धोक्यात येतो. त्यानंतर रक्ततपासण्या आणि चित्रे. प्रत्येक टप्प्यावर विचार हाच की, यांतील कोणते कारण रुग्णाला लवकरात लवकर मारू शकेल; ते प्रथम वगळावयाचे, साध्या कारणाकडे नंतर वळावयाचे. आम्लनाशक औषधाने आराम पडला म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकार पुष्कळदा छातीत न बोलता मळमळ आणि पोटदुखीच्या रूपाने प्रकट होतो. आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्या तरी काही तासांनी पुन्हा पोट तपासणे, हे कोणत्याही यंत्राने रद्द न केलेले कर्तव्य आहे.

परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचण्याआधी एक निदान घरातच होऊन गेलेले असते. ‘पित्त झाले’, ‘गॅस धरला’, ‘काल रात्रीचे बाधले’ असे म्हणून ओवा, सोडा किंवा लिंबूपाणी दिले जाते. दहांपैकी अनेकदा ते बरोबरही ठरते, आणि म्हणूनच ते धोक्याचे असते. कारण ज्या वेळी ते चुकते त्या वेळी सर्वांत मोलाचे तास हातून जातात. २००५ साली आंध्र प्रदेशात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, २०१४ मध्ये ती महाराष्ट्रात आली. आपत्कालीन वैद्यक हे स्वतंत्र शास्त्र म्हणून भारतात २००९ साली मान्यता पावले. साधने अशी वाढत आहेत. पण बोलावल्याखेरीज रुग्णवाहिका येत नाही.

वेदना अकस्मात आणि तीव्र असेल, तिच्याबरोबर घाम, धाप, भोवळ किंवा रक्ताची वांती असेल, पोट फळीसारखे कडक लागत असेल, वेदना पाठीत, जबड्यात वा खांद्यात जात असेल, तर घरच्या उपायाची वाट पाहू नये. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले, त्यापूर्वी काय खाल्ले, कोणती औषधे चालू आहेत, आणि वेदना कोठून कोठे सरकली. सांधेदुखीवरच्या गोळ्या जठराला व्रण पाडू शकतात, म्हणून त्यांचाही उल्लेख करावा. ही टिपणी करण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरला तिचा उपयोग कोणत्याही महाग तपासणीइतका होतो.